गाण्यांतल्या गावांचा नकाशा: टाचण्या राज्याबाहेर गेल्या

गाण्यांत आलेली ठिकाणं मी ज्यावर टाचण्यांनी दाखवतो, तो भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा या महिन्यात उतरवला आणि त्या जागी भारताचा लावला. जुन्या टाचण्या काढून पुन्हा टोचण्यात दोन रविवार गेले.

नकाशा अपुरा पडला तो 'जय जय महाराष्ट्र माझा' या राज्यगीतामुळे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. २०२३ साली ते अधिकृत राज्यगीत झालं. पहिल्याच कडव्यात सहा नद्या एका दमात येतात: रेवा, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा, गोदावरी. कृष्णा, कोयना, गोदावरी पटापट बसल्या. रेवा म्हणजे नर्मदा, ती नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून जाते. भद्रा मात्र थेट कर्नाटकात. तुंगभद्रेला मिळणारी वरदा नावाची एक नदीही तिकडेच आहे, म्हणून मी ती टाचणीही भद्रेशेजारी टोचली. आठवडाभर ती तिथेच होती. मग कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' नाटक वाचताना विदर्भाची दोन राज्यांत वाटणी करणारी वरदा भेटली. म्हणजे आपली वर्धा! टाचणी विदर्भात आणली तेव्हा जिवाला बरं वाटलं. त्याच कडव्यात भीमथडीची तट्टं यमुनेवर पोचतात आणि पुढे दिल्लीचं तख्तही येतं. तो कागद पुरणार कसा?

गडकऱ्यांच्या 'मंगल देशा'त टोचायला गावं जवळजवळ नाहीतच. तिथे दगड आहेत, अंजन, कांचन, करवंदी, बकुळ, प्राजक्त आहेत. खानदेशच्या कोरड्या रानातलाही अंजन असतो, पण शेजारी करवंदी पाहून मी सह्याद्रीतली निळ्या फुलांची अंजनी धरली आणि घाटाच्या रेषेवर हिरवा दोरा ताणला. बोरकरांच्या गोव्याच्या कवितेचंही तसंच, नारळ आणि आंबे-फणस. तिथे दूधसागरला एक टाचणी लावली, ती माझ्या मनाने.

सगळ्यात जास्त वेळ अण्णाभाऊ साठ्यांच्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या 'माझी मैना' या छक्कडीने, म्हणजे लावणीच्या वळणाच्या गाण्याने घेतला, आणि घ्यायलाच हवा होता. मुंबईत आलेल्या गड्याची गावावर राहिलेली मैना, आणि तशीच तुटलेली बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. चारही टाचण्या आजच्या राज्याबाहेर आहेत. बेळगाव-कारवार १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले, डांग-उंबरगाव १९६० मध्ये गुजरातेत. लाल दोऱ्याने त्या चौघींना मुंबईच्या फाउंटनशी, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकाशी जोडलं आणि बराच वेळ नुसता बघत बसलो. छक्कड शंभरदा ऐकली होती, पण केवढं अंतर एका बाईच्या विरहात मावलंय हे दोरा ताणल्यावर कळलं.

मैनेचं गाव मी टोचलं नाही. अण्णाभाऊंच्या वाटेगावची टाचणी हातात होती, पण मैनेचं गाव म्हणजे लालबाग-परळच्या चाळीत उतरलेल्या प्रत्येकाचं गाव. वाटेगाव कवीचं गाव म्हणून पांढऱ्या टाचणीने दाखवलं. ती लावताना दिसलं की पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्षही त्याच वाळवा तालुक्यात आहे. मुंबईवर लावणी दोघांनीही लिहिली!

पुढच्या महिन्यात या दोन लावण्या घेतोय. भारताच्या नकाशावर मुंबई एका टाचणीखालीच झाकली जाते, म्हणून शहराचा वेगळा मोठा नकाशा आणून ठेवलाय. अण्णाभाऊंच्या लावणीतल्या मलबार हिल आणि परळच्या टाचण्या त्यावर आधी लागतील.