बॅण्डची खळ

रविवार, रात्र

मुक्ताला वकिलीची सनद मिळाली याचा मला आनंद झाला आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढच्या मजकुरात तो फारसा दिसणार नाही.

दुपारी वहिनीने तिचे बॅण्ड पाठवले, गळ्याशी बांधायचे ते पांढरे. सोबत निरोप, 'आत्याच्या हातची खळ कडक बसते.' मग साबुदाण्याची खळ केली, दोनदा गाळली, निळीचा थेंब टाकला. बॅण्डची ती दोन टोकं दिसायला साधी, पण शिवणीत खळ राहिली की इस्त्रीखाली पिवळी पडते. म्हणून शिवणीवर ओलं फडकं ठेवून हलक्या हाताने फिरवत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. म्हणाला, "आपल्या घरात कायद्यातलं कुणाला काही कळत नाही, पोरीने सगळं एकटीने केलं."

एलएलबीच्या शेवटच्या पेपरला मला स्कूटरवर सोडायला दादाच आला होता.

तो हे मुद्दाम बोलला नाही. खरंच विसरलाय, आणि तेच जास्त लागलं. मार्कशीट गोदरेजच्या कपाटात आहे, आईंच्या शालूखाली. सनदेसाठी जबलपूरला कागद पाठवायचे राहिले. अण्णांचं आजारपण, मग निखिल, मग यांची बदली... जाऊ दे.

संध्याकाळपासून डोक्यात कॉर्नेलिया सोराबजी आहे. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली. 1892 साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली 1922 मध्ये. तीस वर्षं! मधल्या काळात मुंबईची एलएलबी झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही झाली, तरी कोर्टात उभं राहायची मुभा नाही. पडद्यातल्या बायकांच्या वतीने काठियावाडच्या आणि आपल्या इंदूरच्या इंग्रज एजंटापुढे अर्ज करण्याची तेवढी खास परवानगी होती. अर्ज लिहायचा, बाजू मात्र दुसऱ्याने मांडायची. आणि हे अहिल्याबाईंच्या होळकरशाहीच्या गावात. त्या एजंटाच्या रेसिडेन्सीवरून इतक्या वेळा गेले, पण तिथून जाताना ती कधी आठवली नव्हती.

रेजिना गुहाचं तर मला कॉलेजातही फार वाईट वाटायचं. कायद्याची पदवी घेऊन अलीपूरच्या कोर्टात वकिली करायला निघाली, आणि 1916 मध्ये कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी नाही म्हणून सांगितलं. कायद्यात पुल्लिंगी शब्दात बायकाही धरतात, हा मुद्दा त्यांच्यापुढे होता, तरीही. 1921 मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरालाही तेच ऐकावं लागलं, आणि त्याच वर्षी अलाहाबादने कॉर्नेलियाला घेतलं होतं. मग आपल्या सागरच्या हरिसिंह गौरांनी 1922 मध्ये असेंब्लीत ठराव मांडला आणि 1923 ला कायदा झाला, की केवळ स्त्री म्हणून कुणाला वकिलीपासून अडवता येणार नाही.

म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी हा प्रश्न मिटला होता. मग मला कुणी अडवलं?

इस्त्री बाजूला ठेवून याचाच विचार करत बसले. रेजिनाविरुद्ध निकाल लागला तो लेखी होता, त्यात कारणं होती. त्यावर भांडता येत होतं आणि लोक भांडलेही. माझ्याबाबतीत निकालच लागला नाही. कुणी नाही म्हटलं नाही. उलट आपल्या इंदूरच्या खासदार राहिलेल्या सुमित्राताई महाजनांचं उदाहरण घरात कौतुकाने दिलं जायचं, बघा, लग्नानंतर इथेच एमए केलं, एलएलबी केलं. शिकायला कुणाचीच ना नव्हती. पुढे काय, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही पदर खोचून कामाला लागले. राग कुणावर धरायचा? दादावर? त्याने तर पेट्रोलचे पैसेही घेतले नव्हते.

आठच्या सुमारास मुक्ता बॅण्ड न्यायला आली. सीनियरकडे पोटगीचा अर्ज तयार करायला दिलाय म्हणाली, कलम 144 खाली. मी म्हटलं, "144 म्हणजे जमावबंदी ना? पोटगीचं 125." ती म्हणाली, "ते जुनं, आत्या. आता नागरिक सुरक्षा संहितेत पोटगी 144 ला आहे." मग एकदम थांबली. "पण तुला 125 कसं माहीत?"

सांगितलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मार्कशीट बघायला मागितली, शालू बाजूला करून काढली. कॉण्ट्रॅक्टचे मार्क बघून म्हणाली, "माझ्यापेक्षा जास्त आहेत." मग कितीतरी वेळ आम्ही त्या अर्जावरच बोलत बसलो. नवऱ्याचं उत्पन्न कशावरून दाखवायचं, अंतरिम पोटगी आधी मागायची. मला आठवत होतं. सगळं नाही, पण बरंच.

दादाला काही बोलणार नाही. मुक्ता सांगेल, तिच्या पोटात काही राहत नाही.

ती पोटगीवाली बाई मुक्ताच्या सीनियर साहेबांसमोर तोंडच उघडत नाही, नवऱ्याने काय केलं ते परक्या पुरुषाला कसं सांगणार. गुरुवारी पुन्हा यायची आहे. मुक्ता म्हणाली, तू नुसती शेजारी बसलीस तरी बोलेल ती. यांचा डबा सकाळीच करून ठेवीन आणि जाईन.