डार्मोक, पानिपत आणि टेंभा

स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन ही अंतराळातली सायन्स फिक्शन मालिका मी शाळेत असल्यापासून बघतोय, सातही सीझन, आणि पाचव्यातला 'डार्मोक' लागला की अजूनही हातातलं काम टाकून बसतो. १९९१ चा एपिसोड. त्यातले परग्रहावरचे टेमेरियन लोक फक्त त्यांच्या पुराणकथांतले प्रसंग बोलतात, काही फसलं की "शाका, भिंती पडल्या तेव्हा", आणि एंटरप्रायझ या माणसांच्या यानाचा ट्रान्सलेटर शब्द बरोब्बर देतो पण कोणालाच टोटल लागत नाही.

मराठी माणसाला यात काय नवल, मॅच हरली की आपण "पानिपत झालं" म्हणतोच, १७६१ माहीत नसेल त्याला नुसतं गावाचं नाव ऐकू येईल.

पण इथेच घोडं पेंड खातं. मला पानिपत कळलं कारण आजीने आधी साध्या मराठीत सांगितलं, विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ घोड्यावर बसून गर्दीत शिरले. टेमेरियन आजी काय करत असेल? त्यांच्या कथेतला डार्मोक समुद्रावरून एकटा टनाग्रा बेटावर गेला हे नातवाला सांगायला साधी वाक्यं लागणारच ना, आणि ती असतील तर त्यांचा कॅप्टन डेथॉन याने एंटरप्रायझच्या कॅप्टन पिकार्डला तीच का नाही ऐकवली? आणि त्यांचे इंजिनियर "तो वॉल्व्ह अर्धाच फिरव" कसं सांगत असतील, तो अर्धा कुठल्या कथेतून आणायचा?

दुसरं म्हणजे एंटरप्रायझ ज्यांचं यान त्या फेडरेशनच्या टेमेरियनांशी शंभर वर्षांत सात भेटी झालेल्या. एंटरप्रायझवरचे अधिकारी डेटा आणि ट्रॉय कम्प्युटरला 'डार्मोक' विचारतात, ४७ नोंदी निघतात, टनाग्राशी जुळवल्यावर शांटिल थ्री ग्रहावरचा शिकारी सापडतो. एवढंच होतं तर आधीच्या सात वेळा कोणी शोधलं का नाही, हे मला खरंच खटकतं.

तरी दोघे कॅप्टन एका ग्रहावर असतात तो रात्रीचा सीन आला की हे सगळं विसरायला होतं. पिकार्डला शेकोटी पेटवता येत नाहीये, थंडी वाजतेय, आणि पलीकडून डेथॉन एक जळतं लाकूड त्याच्याकडे टाकतो, "टेंबा" म्हणतो. पिकार्ड विचारतो, टेंबा म्हणजे आग का? तर नाही, टेंबा हा माणूस, हात पसरून देणारा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मात्र मला काहीच विचारावं लागलं नव्हतं, समोर जळतं लाकूड आणि कानावर टेंबा, म्हणजे टेंभाच की, आजी मशालीला तेच म्हणायची. पिकार्ड चुकला तिथेच मीही चुकलो होतो, आणि त्या एका मिनिटापुरता तो मला आमच्या घरातलाच वाटला होता.