तुम्ही विचारलंत म्हणून: घाटावरची डबी

नांदेडच्या गोवर्धन घाटाजवळची डबी परत का लावत नाही, हे जिओकॅशिंग (जीपीएसवरून लपवलेल्या डब्या शोधून आतल्या कागदावर सही करायचा खेळ) खेळणारे विचारतात, हजूर साहिबला येणारे यात्रेकरू विचारतात, आणि आता ऑफिसातलेही विचारायला लागलेत. 'पुराने नेली' म्हणून मी विषय संपवते. त्यातला पूर खरा आहे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले होते, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. पण डबी बरीच वर, पिंपळाच्या मुळांत होती. तिला पाणी शिवलंही नाही.

खेळाचे नियम मी मोडले नव्हते, हे आधी सांगते, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असतो. जमीन खणली नव्हती, झाडाला खिळा ठोकला नव्हता. शेजारच्या देवळातल्या पुजारीकाकांना दाखवून, त्यांनी मान हलवल्यावरच लावली. डबी म्हणजे कोल्ड्रिंकची बाटली फुगवण्याआधीची जाड प्लास्टिकची नळी. झाकण घट्ट, पाणी आत जात नाही. आत सह्यांसाठी गुंडाळलेली कागदाची पट्टी, बाहेरून काळी चिकटपट्टी.

काळी पट्टी, गुंडाळलेला कागद, त्यावर नावं आणि तारखा, पिंपळाच्या मुळांत, नदीकाठी. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाच्या मनात हे वाचून जे येईल, ते लावताना माझ्या मनात आलं नव्हतं का? आलं होतं. हसू आलं होतं.

पाणी ओसरल्यावर रविवारी सकाळी डबी तपासायला गेले. पारावर एक मावशी बसल्या होत्या. नळी पायाशी, आणि कागदाची पट्टी त्यांनी पदराने धरलेली, बोट लागू न देता. शेजारी त्यांचा मुलगा फोनवर हळू आवाजात कुणाला तरी पुढे काय करायचं ते विचारत होता.

"मावशी, ते माझं आहे," मी म्हणाले. हे तिथे कसं ऐकू जाईल, ते तोंडातून गेल्यावर कळलं.

"तुमी ठेवलं हे?"

मग मी समजावत सुटले. अमेरिकेने 2000 सालच्या मे महिन्यात जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक बंद केली, दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, तिथून हा खेळ निघाला. हे सगळं मी एका घाबरलेल्या बाईला सांगत होते, खरंच. आभाळातून आकडे येतात, त्या आकड्यांच्या मागे माणसं या झाडापाशी येतात, नाव लिहितात, कुणाला न दिसता परत जातात. जितकं सांगत गेले तितकं ते करणीसारखंच वाटायला लागलं. मलासुद्धा.

"मग ह्यात माझ्या लेकीचं नाव कामून हाय?"

होतं. देवनागरीत, वळणदार अक्षरात, खाली तारीख. त्याच आठवड्यात तिची सोयरीक मोडली होती, दुसऱ्यांदा.

"ही कोन?"

मला माहीत नव्हतं. कुणीतरी आली, डबी सापडली, नाव लिहून गेली. आमच्या खेळात तेवढं पुरतं.

मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, मला कळायलंय हो. पण आईला एकदा म्हणा ना, तुमी काढून घेतलं म्हणून. तिला झोप लागंल."

आणि मी म्हणाले. "काढून घेतलं, मावशी." पट्टी नदीत सोडली. ती जलपर्णीत अडकली, मुलाने काठीने सोडवली. कॅनडातून आलेल्या एका पोराने गुरुमुखीत केलेली सही तिच्यावर होती, तीही गेली. मावशींनी मला हात जोडले. ते आभार नव्हते. त्या मला भीत होत्या.

करणीच्या संशयावरून कुणाला छळणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे मला पाठ होतं. करणी काढल्याचं सांगणारीसाठी त्यात काय लिहिलंय, ते अजून वाचलेलं नाही.

डबी लावणारी तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, तू दोन तास बसून समजावायला हवं होतंस. तुझ्या तोंडून निघालेल्या त्या तीन शब्दांनी मावशींची खात्रीच पटवली. बरोबर आहे. पण ती पारावर नव्हती. डबीच्या माहितीत तिने नगीना घाटाची कथा मोठ्या हौसेने लिहिली होती: गुरू गोबिंदसिंगांनी भेट आलेलं रत्न गोदावरीत टाकलं, देणारा खट्टू झाला, तेव्हा त्यालाच पाण्यात शोधायला पाठवलं आणि तिथे तशाच रत्नांचा ढीग दिसला. या काठावर शोधणं जुनंच आहे, असं ती मिरवायची. शोधणाऱ्याला हवं ते सापडतं, एवढाच तिने त्याचा अर्थ लावला होता. मावशी काही शोधत नव्हत्या, त्या पिंपळाला पाणी घालायला आल्या होत्या.

तरी खेळ वाईट म्हणणार नाही. नळी घरात आहे, नवा कागद कापून ठेवलाय, पुढच्या घाटावर कठड्याजवळ, झाडापासून लांब, एक जागाही बघितली आहे. टोपणनावंच लिहा, अशी अट घालता येईल. पण बाळी, ताई, सोनी ही टोपणनावं घराघरात असतात.

सध्या तरी नाही लावणार. दिवाळीनंतर विचारलंत तर कदाचित वेगळं सांगेन. विचारा खुशाल, फक्त 'अडाणी लोकांचं काय मनावर घेता' हे सोबत जोडू नका. तो मुलगा इंजिनिअर आहे.