तुम्ही विचारलंत म्हणून: सीटला लेदर की रेक्झिन?

बाइकच्या सीटचं कव्हर बदलायचंय, लेदर घेऊ की रेक्झिन? हे विचारणाऱ्या बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं: लेदर. माझ्याकडून फक्त मान डोलवून हवी असते. मी ती डोलवत नाही, म्हणून 'तुम्हाला लेदरचं वावडंच आहे' हेही ऐकून घेतो. वावडं नाही. मी एवढंच उलट विचारतो की गाडी रात्री कुठे उभी असते.

उघड्यावर राहणार असेल तर रेक्झिन, आणि तेही मरीन ग्रेडचं. बोटींच्या बैठकांसाठी बनवतात ते: ऊन आणि बुरशी सोसणारं, मागे पॉलिएस्टरचं विणलेलं अस्तर, जाडी साधारण 1 मिमी. सोफ्याचं रेक्झिन हाताला तसंच लागतं, पण उन्हात त्यातला प्लॅस्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं रसायन, निघून जातो, ते कडक होतं आणि जिथे घडी पडते तिथेच तडकतं. 'पीयू लेदर' म्हणून विकलं जाणारं स्वस्त कापड तर घेऊच नका. दमट हवेत त्याच्या वरच्या थराचे पापुद्रे निघतात.

इथवर कुणी फारसा वाद घालत नाही. वाद होतो तो डायमंड शिलाईवरून, म्हणजे सीटभर तिरप्या चौकटी पाडणाऱ्या शिलाईवरून.

फिनिश, म्हणजे वरून रंगाचा थर, चढवलेलं लेदर असो वा रेक्झिन, पाऊस आत शिरतो तो मुख्यतः सुईच्या भोकांतून. टाका 4 मिमीचा धरा. एका मीटरला 250 भोकं झाली. चौकटी शिलाईच्या सीटवर आठेक मीटर शिलाई सहज होते, म्हणजे 2000 भोकं, आणि तीही नेमकी बसायच्या जागी. त्यावर पाणी साचलंय आणि तुम्ही बसलात की फोम दबतो, आतली हवा बाहेर पडते. उठलात की फोम फुगतो आणि वरचं पाणी भोकांतून आत ओढून घेतो. दिवसभरात जितक्या वेळा बसाल-उठाल तितक्या वेळा हा पंप चालतो. फोम उघड्या छिद्रांचा, खाली प्लॅस्टिकचा बेस. पाण्याला वाट म्हणजे बेसची निचऱ्याची भोकं, आणि ती बऱ्याचदा नव्या कव्हरच्या दुमडीखाली बुजवलेली असतात. मग दुपारच्या उन्हात सीट वरून कोरडी ठणठणीत दिसते, पण पंधरा मिनिटं बसलं की पँट ओली.

आता लेदरचं काय होतं? त्याच्या आतल्या बाजूला फिनिश नसतं. ती बाजू ओल्या फोमला चिकटून असते, पाणी पिते, आणि वजनाखाली भिजलेलं चामडं ताणलं जातं. वाळताना आतली तेलं जागा सोडतात, चामडं आक्रसतं, ताठ होतं, टाक्यांची भोकं लांबट होतात. पुढच्या पावसाला त्यातून आणखी पाणी. वरून कंडिशनर चोळत बसलात तरी आतल्या बाजूला तो पोचत नाही.

रेक्झिनमध्येही पाणी तेवढंच शिरतं, हे मला मान्य करावंच लागतं. फोमला वास येतो, लोखंडी स्टेपल गंजून कव्हरची कड खातात. कव्हर मात्र टिकतं. ते सोडवून फोम सुकवता येतो आणि पुन्हा ओढून बसवता येतं. भिजून ताणलेलं लेदर परत तसं बसत नाही.

यावर उपाय आहे: बसायचं पॅनल अखंड ठेवा, जोड फक्त बाजूच्या उभ्या कडेला घ्या. जोडाला आतून सीम सीलिंग टेप लावा. पायपिंगमध्ये, म्हणजे जोडावरच्या गोल गोटात, सुती दोरी नको, ती वातीसारखी पाणी ओढते, प्लॅस्टिकची घाला. फोमवर पातळ प्लॅस्टिक अंथरा. इथे लेदरवाले म्हणतात, 'पण लेदर श्वास घेतं!' वर रंगाचा जाड थर, खाली प्लॅस्टिक. श्वास घ्यायचा कुठून?

पूर्वी मी इथेच थांबायचो. आता थांबवत नाही, कारण लांबच्या प्रवासात रेक्झिन घामानं चिकटतं आणि लेदर थोडा तरी घाम शोषतं, हे नाकारून कसं चालेल? गाडी छपराखाली राहत असेल, पावसात क्वचितच निघत असेल आणि डायमंडचा हट्ट नसेल, तर घ्या लेदर. क्रोम टॅन केलेलं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं), पिगमेंट फिनिशचं, 1.0 ते 1.3 मिमी. व्हेजिटेबल टॅनवर, म्हणजे झाडाच्या सालीबिलीनं कमावलेल्या चामड्यावर, पाण्याचे डाग पडतात आणि उन्हात ते काळवंडतं. कातड्याचा पोटाकडचा भाग जास्त ताणतो, तो बसायच्या पॅनलला वापरू नका.

शिवणाऱ्याला सांगायचं ते असं. जुनं कव्हर उसवून त्यावरून पॅटर्न काढतात, पण ते वापरानं ताणलेलं असतं. फोमवर ठेवून जास्तीचं कमी करा, मगच शिलाईसाठी 10-12 मिमी सोडा. दोरा बॉन्डेड पॉलिएस्टरचा, 69 किंवा 92 नंबर. नायलॉन उन्हात कुजतो, सुती पाण्यात. लेदरला कापत जाणारी लेदर पॉइंट सुई, रेक्झिनला गोल टोकाची. टाका 4 मिमीच्या आसपासच. बारीक घातला की भोकांच्या रेषेवर कव्हर फाटतं. बसवताना आधी पुढचा मध्य, मग मागचा, मग दोन्ही बाजू आळीपाळीनं. रेक्झिन उन्हात ठेवून किंवा हीट गन लांब धरून ऊबवलं की सहज ओढलं जातं. लेदरला हीट गन लावू नका, मागून किंचित ओलसर करा. प्लॅस्टिक बेसला स्टेनलेस स्टेपल, पाय 6 मिमी. लांब पाय आरपार जातात.

राहता राहिला हल्लीचा लाडका तोडगा: बसायला लेदर, बाजूंना रेक्झिन. दिसतं छान. पण लेदर वापरानं सैल पडतं आणि रेक्झिन जवळपास आहे तिथेच राहतं, म्हणून चुण्या नेमक्या जोडालगत पडतात. लेदर कापण्याआधी एक दिवस ताणून ठेवलं की चुण्या कमी होतात. पूर्ण जातात असं मी कुणालाच सांगत नाही.