राजासॉरस आणि रहिओलीचा नकाशा

मंगळवार, रात्र

राजासॉरस या भारतातल्या मांसाहारी डायनासोरचं नाव काढलं की लोक त्याच्या कपाळावरच्या शिंगाविषयी विचारतात. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो रहिओलीच्या खोदकामाचा नकाशा.

गुजरातमधल्या बालासिनोरजवळच्या रहिओलीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८२ ते १९८४ दरम्यान लामेटा नावाच्या, डायनासोरांच्या काळातल्या खडकांच्या थरांतून हाडं काढली. लांब मानेच्या सॉरोपॉड डायनासोरांची हाडंही त्यांतच मिसळलेली होती. पण कोणतं हाड नेमकं कुठे पडलं होतं, हे कागदावर उतरवून ठेवलेलं होतं. त्या आधारावर मेंदूचं कवच, मणके, कंबर, मागचे पाय आणि शेपूट यांचे तुकडे एकाच प्राण्याचे म्हणून जुळवता आले, आणि २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं.

म्हणून हाड उचलायची घाई नको. आधी दोरीने एकेक मीटरचे चौकोन आखायचे. प्रत्येक हाडाला क्रमांक, खोली, लांबीची दिशा. मग रेखाटन आणि फोटो. त्यानंतर हाडाभोवतीची माती कोरून ते मातीच्या चबुतऱ्यावर ठेवायचं, वर ओल्या कागदाचे थर, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. कागद विसरला तर प्लास्टर थेट हाडाला चिकटतं आणि सोडवताना पृष्ठभागच सोलून निघतो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. क्रमांक घालायचा राहिला तर नुकसान कायमचं, आणि ते कळतंही फार उशिरा.

जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवरून हेच शिकायला मिळतं. ब्रिटिश भूवैज्ञानिक मॅटली यांनी तिथल्या मांसाहारी प्राण्याच्या कंबरेची हाडं आणि चिलखती तकटं एकत्र धरून १९२०च्या दशकात लामेटासॉरस नावाचा डायनासोर उभा केला. तो निरनिराळ्या प्राण्यांचा मेळ होता, हे पुढे लक्षात आलं.

राजासॉरसच्या लांबीच्या आकड्यांकडेही मी सावधपणे बघते. २००३ चा अंदाज ७.६ मीटर, नंतरचे अंदाज ६.६ पासून ११ पर्यंत. हाडं तीच, फरक पडतो तो उरलेलं शरीर कोणाच्या मापाने भरून काढलं यावर. त्याचा नातलग असलेल्या मादागास्करच्या मजुंगासॉरसचे पाय आखूड, म्हणून पायाच्या हाडावरून लांबी काढताना त्याचं प्रमाण लावलं तर प्राणी लांब निघतो. आकडा देताना कोणतं हाड आणि कोणाचं प्रमाण, हे दोन्ही लिहायलाच हवं.

शिंगाची गोष्ट तुलनेने पक्की आहे, कारण ते कवटीच्याच हाडांचं आहे: बुटकं, एकच, नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांनी मिळून बनलेलं. अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरस या दुसऱ्या नातलगाला दोन शिंगं, तीही कपाळाच्या हाडांवर.

राहून राहून मन जबलपूरकडेच जातं. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ मध्ये तिथल्या मांसाहारी डायनासोरांच्या कवटीच्या तुकड्यांवरून इंडोसुकस आणि इंडोसॉरस ही नावं दिली, आणि सुट्या मणक्यांवरून जुबलपुरिया, सीलुरॉइडिस, ड्रिप्टोसॉरॉइडिस अशी आणखी. यातला कोणता मणका कोणत्या कवटीमागचा, हे आज त्या मणक्यांवरून ठरवता येत नाही.