वारसा सप्ताहात पेठांमधून: काय बघाल, काय सोडाल

19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. त्या आठवड्यात पुण्यात वारसा फेऱ्या, व्याख्यानं, प्रदर्शनं यांची नुसती रेलचेल असते. सगळं जमणार नाही, तेव्हा आधीच सांगते: वेळ कमी असेल तर फेरीलाच जा, आणि तीही कमी ठिकाणांची निवडा. एका सकाळी सगळं पुणं दाखवू म्हणणाऱ्या फेरीत दारासमोर उभं राहून फोटो काढण्यापलीकडे काही होत नाही.

सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ मात्र सोडू नका. कमला नेहरू रुग्णालयाच्या जवळच्या गल्लीत आहे, पण ठाऊक नसेल तर समोरून निघून जाल. भीमजीगिरी गोसावी यांनी 1754 मध्ये बांधायला घेतलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ. पुण्यातली पेशवेकालीन देवळं बहुतेक साधी. इथे दर्शनी भिंत कोरीवकामाने भरलेली. त्यात गोरे शिपाई गेंड्याला साखळदंडाने जखडताना दाखवलेत! त्याचा अर्थ काय यावर आमच्या फेरीतच दोन तट पडले. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. मोबाइलची बॅटरी तिरकी धरा, अक्षरं उठून दिसतात. तळघरात समाधी आहे, ते एरवी बंद असतं, गुरुपौर्णिमेला उघडतात.

विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधला. रस्त्यावरून दिसणारी लाकडी गॅलरी सगळे पाहतात, पण मान वर करून खांब कसे कोरलेत ते बघा: सुरूच्या झाडासारखे, वरती निमुळते होत गेलेले. आतला कोणता भाग खुला आहे याची आधी चौकशी करा.

महात्मा फुले मंडई 1886 ची. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहिलं की चहूबाजूंना फुटलेले इमारतीचे हात दिसतात आणि नकाशाशिवाय आराखडा कळतो. सकाळी गाळेवाल्यांची गडबड असते, घोळका करून वाट अडवू नका. एका भाजीवाल्या मावशींनी आम्हाला सरळ बाजूला केलं, बरंच केलं.

व्याख्यानांपैकी कात्रजच्या नळावरचं चुकवण्यासारखं नव्हतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नुसत्या उतारावर शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं होतं. नळात अडकलेली हवा निघून जावी म्हणून वाटेत दगडी उच्छ्वास बांधले. हे ऐकून मग पेठांतले हौद पाहिले की जास्त समजतं, म्हणून व्याख्यान आधी, फेरी नंतर.

प्रदर्शनांतली मांडणशिल्पं, म्हणजे वस्तू मांडून उभ्या केलेल्या कलाकृती, मला फारशी भावली नाहीत. पडलेल्या वाड्याचा जिना बांबू-सुतळीने उभा केला होता, देखणा होता. पण शेजारच्या गल्लीत खराखुरा जिना मोडकळीला आलाय, तिकडे कोणी फिरकत नव्हतं. बघायचीच तर संध्याकाळी, दिवे लागल्यावर जा.

गाडी आणू नका. मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं अगदी पेठांतच आहेत. चपला पटकन निघणाऱ्या घाला. बहुतेक फेऱ्यांना आधी नावं नोंदवावी लागतात, आणि रविवारच्या जागा लगेच भरतात. मधल्या वाराची सकाळ जमत असेल तर तीच घ्या. तुळशीबागेतलं राममंदिरही सकाळीच उरकून घ्या. दुपारनंतर तिथे शिखर पाहायला मान वर केलीत तर मागून ढकलत नेतील.