डिसेबिलिटीचा क्लेम नाकारला, तर अपील पाठवण्याआधी

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या बेनिफिट्समध्ये लाँग टर्म डिसेबिलिटी, म्हणजे एलटीडी, असा एक विमा असतो. तब्येत धड असेपर्यंत त्याची पॉलिसी कुणी उघडूनही बघत नाही. मग लाँग कोविड, मल्टिपल स्क्लेरोसिस, मणक्याचं दुखणं असं काहीतरी मागे लागतं, ९० किंवा १८० दिवसांचा थांबण्याचा काळ सरतो, आणि पगाराच्या साधारण ६० टक्के रक्कम येण्याऐवजी नकाराचं पत्र येतं. त्याच संध्याकाळी संतापून दोन पानी उत्तर पाठवावंसं वाटतं. कृपा करून पाठवू नका. विमा कंपनीने तेच तुमचं अपील, म्हणजे तिच्याकडेच करायची फेरविचाराची मागणी, धरलं, तर हातातली सर्वांत मोठी संधी वाया जाते.

खासगी नोकरीतून मिळालेल्या एलटीडीला १९७४चा एरिसा, म्हणजे नोकरीतल्या बेनिफिट्सचा फेडरल कायदा, लागू होतो. पुढे फेडरल कोर्टात गेलात तर तिथे सहसा ज्युरी नसते, साक्षीदार नसतात. अपील फेटाळलं तेव्हा विमा कंपनीच्या फाइलमध्ये जे कागद होते, तेच बहुतेक वेळा न्यायाधीश वाचतात. नंतर काढलेला एमआरआय कितीही बोलका असला तरी तो आत जाणं कठीण. शिवाय पॉलिसीने निर्णयाचा विवेकाधिकार कंपनीला दिला असेल, तर निर्णय बरोबर होता का हे कोर्ट पाहत नाही. तो अवाजवी होता का एवढंच पाहतं. (कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी अशा कलमांना मनाई केली आहे.) म्हणून नकाराचं पत्र मिळाल्यापासून अपिलासाठी मिळणारे १८० दिवस हे पुराव्यांनी फाइल भरण्यासाठी आहेत.

सुरुवातीला दोन पत्रं पाठवायची, दोन वेगळ्या पत्त्यांवर. विमा कंपनीकडे संपूर्ण क्लेम फाइल मागा: अंतर्गत नोंदी, त्यांच्या डॉक्टरांचे अहवाल, व्होकेशनल रिपोर्ट (तुम्ही कोणतं काम करू शकता याबद्दलचा अहवाल), पाळत ठेवून काढलेले व्हिडिओ, निर्णयासाठी वापरलेले नियम. हे फुकट देणं त्यांना बंधनकारक आहे. दुसरं पत्र प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे बहुधा तुमच्या नोकरीच्या कंपनीला: प्लॅनची कागदपत्रं आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शन (प्लॅनची सोप्या भाषेतली माहितीपुस्तिका) द्या म्हणून. ती ३० दिवसांत दिली नाहीत तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड करू शकतं. एचआरशी फोनवर बोलून हा हक्क मिळत नाही, मागणी लेखी हवी.

फाइल आली की नकार नेमका कुठल्या वाक्यावर उभा आहे ते शोधा. बहुतेक वेळा तुम्हाला कधीही न तपासलेल्या डॉक्टरने कागद वाचून लिहिलेलं असतं की वस्तुनिष्ठ पुरावा नाही. यावर ‘माझा पेशंट काम करू शकत नाही’ असं एका ओळीचं पत्र तुमच्या डॉक्टरांनी दिलं तर उपयोग नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या मताला खास वजन द्यायची सक्ती विमा कंपनीवर नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००३मध्येच सांगितलं आहे. ते मत मनमानीने डावलता येत नाही, इतकंच. म्हणून पत्रात मोजमाप हवं: सलग किती मिनिटं बसता येतं, आठ तासांत एकूण किती, मध्ये किती वेळा आडवं व्हावं लागतं, महिन्यात किती दिवस कामावर जाणं जमणार नाही, आणि हे कोणत्या तपासणीवरून म्हणतो. कंपनीच्या डॉक्टरचा अहवाल समोर ठेवून मुद्द्यागणिक उत्तर लिहून घ्या.

शरीराच्या क्षमतेसाठी फंक्शनल कपॅसिटी इव्हॅल्युएशन असतं. विस्मरण, एकाग्रता तुटणं यांसाठी न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी, आणि तीही प्रामाणिकपणे दिली का हे तपासणाऱ्या उपचाचण्यांसह. श्रमानंतर कोसळणाऱ्यांसाठी सलग दोन दिवसांची कार्डिओपल्मनरी व्यायामचाचणी उपयोगी पडते, पण तिने आजार बळावू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करू नये.

आपल्या लोकांची एक सवय इथे फार महागात पडते. डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं की आपण ‘बरंय’ म्हणतो, आणि चार्टमध्ये ‘डुइंग वेल’ अशी नोंद होते. पुढे तीच ओळ नकाराच्या पत्रात दिसते. दर भेटीला त्या महिन्यात काय जमलं नाही ते लिहून न्या. मंडळाच्या गणपतीतला हसरा फोटोही फाइलमध्ये येऊ शकतो. त्यानंतर दोन दिवस अंथरुणात गेले, हे सांगणारं जोडीदाराचं निवेदन सोबत असू द्या.

कामाच्या व्याख्येकडे नीट बघा. बहुतेक पॉलिसींत पहिले २४ महिने ‘स्वतःचा व्यवसाय’ करता येतो का हे पाहतात, नंतर ‘कोणताही व्यवसाय’. सॉफ्टवेअरचं काम बैठं ठरवून मोकळं होणं कंपनीला सोपं जातं. बैठं म्हणजे १० पौंडांपर्यंत वजन आणि आठपैकी सुमारे सहा तास बसणं. त्यात रात्रीचा ऑन-कॉल, प्रॉडक्शन बंद पडल्यावर मिनिटांत घ्यायचे निर्णय, यांतलं काहीच येत नाही. कंपन्या तुमची विशिष्ट नोकरी न पाहता देशभर तो व्यवसाय कसा चालतो ते पाहतात. त्यामुळे व्होकेशनल तज्ज्ञाचा स्वतंत्र अहवाल घेणं मला तरी खर्चाच्या मोलाचं वाटतं.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी, डिसेबिलिटी मिळाली तर पुरावा म्हणून ती वजनदार आहे. १ एप्रिल २०१८नंतरच्या क्लेममध्ये कंपनीला तिच्याशी असहमती का, हे लिहावं लागतं. पण त्यासाठी सर्वसाधारणपणे अमेरिकेतल्या कमाईवर मिळणारी ४० क्रेडिट्स लागतात (तरुणांना कमी), आणि भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने भारतातली नोकरीची वर्षं धरत नाहीत. शिवाय काही पॉलिसी ती रक्कम अंदाजाने एलटीडीतून आधीच वजा करतात. अपात्र ठरल्याचं पत्र पाठवून ती वजावट थांबवून घ्या. दुसरं, देखभालीसाठी पुण्याला आईवडिलांकडे जायचा विचार असेल तर आधी पॉलिसी वाचा. अमेरिका किंवा कॅनडाबाहेर बारापैकी सहा महिने राहिल्यास पैसे बंद, असं कलम अनेक पॉलिसींत असतं.

अपिलावर ४५ दिवसांत निर्णय यायला हवा. खास कारण असल्यास आणखी ४५. मधल्या काळात कंपनीने नवा वैद्यकीय अहवाल मागवला आणि त्याच्या आधारे नकार द्यायचा असेल, तर तो आधी तुम्हाला दाखवावा लागतो. उत्तराला मुदत थोडी मिळते, म्हणून डॉक्टरांना आधीच कल्पना देऊन ठेवा. कोर्टात जाण्याची मुदतही आत्ताच बघा: पॉलिसीतली तीन वर्षं ‘प्रूफ ऑफ लॉस’पासून (क्लेमचा पुरावा द्यायच्या तारखेपासून), म्हणजे नकाराच्याही आधीपासून मोजली जाऊ शकतात.

वकील करायचा असेल तर तो अपील जाण्याआधी करा. अनेक जण मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीवर काम करतात. सरकारी नोकरी, चर्चची संस्था किंवा स्वतः विकत घेतलेली पॉलिसी असेल तर सहसा एरिसा लागू नसतो आणि राज्याचे कायदे चालतात. पानांना क्रमांक द्या, वर अनुक्रमणिका जोडा आणि मुदतीच्या किमान दोन आठवडे आधी सर्टिफाइड मेल व फॅक्स अशा दोन्ही मार्गांनी पाठवा. फॅक्सच्या पावतीवरची पानांची संख्या स्वतः मोजून बघा.